आयपीएलचा कंटाळा आलाय, मुंबईतला एक क्लब धरायचाय. कुठून सुरुवात करू?

लालबागचा_भाडेकरू:

नमस्कार मंडळी. मी मूळचा मिरजेचा, नोकरीमुळे लालबागला भाड्याने राहतो. रविवार सोडला तर सुट्टी नाही. क्रिकेटचं वेड लहानपणापासूनचं, पण हल्ली आयपीएलमध्ये जीव रमत नाही. लिलाव झाला की निम्मी टीम इकडची तिकडे. ज्याच्या नावाने मागच्या एप्रिलमध्ये शंख केला, त्याच्यासाठीच या एप्रिलमध्ये शिट्ट्या मारायच्या, हे मला जमत नाही.

मला अशी टीम हवी आहे की अकराच्या अकरा पोरं चेहऱ्याने ओळखता येतील. आधी कोण कोण खेळून गेलं ते माहीत असेल, आणि उद्या त्यातलं एखादं पोर रणजीला गेलं तर ‘हा आपला’ असं छाती पुढे काढून म्हणता येईल.

पावसाळ्यात शिवाजी पार्कात पांढऱ्या कपड्यांतल्या मॅचेस चाललेल्या दिसतात. कठड्यावर बसून बघतो. पण कोण कोणाशी खेळतंय हेच कळत नाही. फलकावर नुसते आकडे, तेही चार ओव्हर जुने. बाउंड्रीवरच्या पोराला विचारलं तर तो ‘कांगा’ एवढंच म्हणाला आणि बॉल आणायला पळाला. तर जाणकारांना विचारतो: कुठला क्लब धरू? नावं कशी कळतात? स्कोअर कुठे मिळतो? आणि जुन्या खेळाडूंबद्दल कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

फोर्टचा_फिरस्ता:

स्वागत आहे. दादर-माटुंग्याची मंडळी आता तुम्हाला आपल्याकडे ओढतील, त्याआधी माझं ऐका. सीएसएमटीला उतरा आणि आझाद मैदानात शिरा. बावीस विकेट म्हणजे खेळपट्ट्या आहेत, एकीची बाउंड्री दुसरीच्या पोटात. या मॅचचा पॉइंट आणि त्या मॅचचा डीप मिडविकेट पाठीला पाठ लावून उभे असतात. बॉल आला तर कोणाचा म्हणून दोघंही बघतात. दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना, जिथे डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. मैदानाच्या कडेने क्लबांचे तंबू लागलेले आहेत. त्यातल्या मुस्लिम युनायटेडच्या तंबूत यशस्वी जयस्वाल लहानपणी राहायचा, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण तंबू बघितल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. जून महिन्यात जा म्हणजे कळेल.

तिथून चालत मरीन ड्राइव्ह. पारसी, इस्लाम, हिंदू, पोलीस, सगळे जिमखाने एका ओळीत. तुम्हाला ‘हा आपला’ म्हणायचंय ना? डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस शिल्डच्या फायनलला पारसी जिमखान्याकडून सूर्यकुमार यादवने पय्याडे क्लबविरुद्ध २४९ मारले. तोवर तो भारताकडून खेळून आला होता. तिकीट नाही, रांग नाही, पाण्याची बाटली गेटवर काढून घेणारा कोणी नाही.

आणि हिंदू जिमखान्यासमोर गेलात तर एकनाथ सोलकरांची आठवण काढा. वडील तिथले माळी, कुटुंब तिथल्याच खोपटात राहायचं. त्या मुलाने २७ कसोटीत ५३ झेल घेतले, बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी पुढ्यात, डोक्यावर हेल्मेट नसताना. माझं मत: मुंबईने घडवलेल्या फील्डरमध्ये त्यांच्यानंतर रांग सुरू होते.

हिंदूकॉलनी_स्कोअरर:

उशिरा लिहितो आहे, कारण डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि नात टाइप करते आहे. तिला क्रिकेटमध्ये रस नाही, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका तिच्या आणि क्रिकेटच्या माझ्या.

मी बँकेतून निवृत्त. ऑफिसच्या टीमचा स्कोअरर होतो. खेळाडू म्हणून मला कोणी घेतलं नसतं, म्हणून पेन्सिल घेतली. त्या पेन्सिलीमुळे जे बघायला मिळालं ते खेळणाऱ्यांनाही मिळालं नसेल.

आधी कांगा म्हणजे काय ते. डॉ. होरमसजी कांगा हे पारशी डॉक्टर आणि बॅट्समन, १९११ साली इंग्लंडला गेलेल्या संघात होते. त्यांच्या नावाने १९४८ पासून ही लीग चालते. भर पावसाळ्यात खेळवायची ही मूळ कल्पना. इंग्लंडमध्ये ओल्या विकेटवर आपल्या लोकांची भंबेरी उडायची, तेव्हा घरीच सवय करा. म्हणून विकेट झाकायची नाही. पाऊस पडेल तसा पडू द्यायचा. ए डिव्हिजनपासून खाली एकेक पायरी, आणि खालच्या डिव्हिजनमध्येही मॅच तितकीच तावातावाने खेळतात. एका दिवसाची मॅच, पण दोन डाव होऊ शकतात. पहिल्या डावाच्या आघाडीचे गुण वेगळे आणि निर्णायक विजयाचे वेगळे. त्यामुळे दुपारी जेवणानंतर साठ धावांत टीम गुंडाळली गेली की मैदानात एकदम जान येते.

तुम्ही कठड्यावर बसून बघितलंत त्यात एक गोष्ट लक्षात आली असेल. गवत. पोटरीपर्यंत गवत असतं, आणि सुंदर कव्हर ड्राइव्ह मारला तरी बॉल वीस पावलांवर जाऊन रुतून बसतो. तिथे एक धाव मिळाली तरी नशीब. म्हणून कांगात हवेतून मारावं लागतं, आणि विकेटवर बॉल कधी थांबून येतो, कधी नाकाजवळून जातो. अशा ठिकाणी तीस धावा काढून आलेल्या पोरासाठी बाकावरचे म्हातारे उभे राहतात. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटेल, तीस धावांना काय उभं राहायचं? तुम्ही एक अख्खा पावसाळा बघा, मग तुम्हीही उभे राहाल. सचिन तेंडुलकर १९८४ मध्ये अकराव्या वर्षी कांगात उतरला तो जॉन ब्राइट क्लबकडून. अकरा वर्षांचं पोर, असली विकेट आणि समोर दाढीमिशा आलेले बॉलर. बाकीचं पुढे झालं ते सगळं जग जाणतं.

आता क्लब. माझ्या घराण्यात दादर युनियन. नावात दादर, मैदान माटुंग्याला. बायकोचं माहेर शिवाजी पार्कचं, म्हणजे शिवाजी पार्क जिमखाना. लग्न ठरवताना पत्रिका जुळली, क्लब जुळले नाहीत, आणि सासरे शेवटपर्यंत मला ‘ते माटुंग्याचे’ म्हणायचे. या दोन क्लबांची मॅच म्हणजे काय असायची हे आज सांगून पटणार नाही. इकडे माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, वासू परांजपे, सुनील गावसकर, रामनाथ पारकर, दिलीप वेंगसरकर. तिकडे विजय मांजरेकर, रमाकांत देसाई, अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर, संदीप पाटील. क्लबची मॅच म्हणावी की कसोटी? झाडाखाली जागा मिळायची नाही.

दादर युनियनची शिस्त हा वेगळा विषय. मॅचला वेळेच्या आधी हजर, कपडे परीटघडीचे, बुटाला पांढरा रंग लावलेला. मंत्री हे गावसकरांचे सख्खे मामा. भाच्याने लहानपणी त्यांचा भारताचा बिल्ला असलेला स्वेटर मागितला तर मामा म्हणाले, तो घाम गाळून मिळवायचा असतो. हे स्वतः गावसकरांनी लिहून ठेवलंय. मामाने दिला असता तर कदाचित पुढे दहा हजार धावा झाल्या नसत्या, कोण जाणे. परांजपे कॅप्टन असताना टीमच्या वाटेला फारशी हार यायची नाही, आणि ‘सनी’ हे नावही त्यांनीच ठेवलेलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

आता पक्षाच्या विरोधात बोलतो. आयुष्यभर ज्यांना बघितलं त्यातला माझ्या मते सर्वांत मोठा बॉलर समोरच्या क्लबचा होता. शिवलकर, डावखुरे स्पिनर. त्यांचा स्पेल चालू असताना स्कोअररला काम सोपं. टिंब, टिंब, टिंब, टिंब. पेन्सिलीचं टोक झिजायचं नाही. मी नेहमी त्यांच्या हाताच्या मागे, साइटस्क्रीनच्या बाजूला बसायचो. बॉल हवेत असताना बॅट्समनचा पाय पुढे निघायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. तो थांबला की समजायचं, हा गेला. रणजीची १९७२-७३ ची फायनल, चेन्नईचं चेपॉक, समोर तामिळनाडू. पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. मुंबईचं सलग पंधरावं विजेतेपद. प्रथम श्रेणीत एकूण ५८९ बळी. कसोटी शून्य. त्याच काळात तसेच डावखुरे स्पिनर बिशनसिंग बेदी होते, एवढाच गुन्हा. वयाच्या ४७ व्या वर्षी मुंबईने त्यांना पुन्हा रणजीला बोलावलं आणि ते गेलेसुद्धा. २०२५ च्या मार्चमध्ये ते वारले त्या दिवशी मी सासऱ्यांच्या फोटोला हार घातला. बायको म्हणाली, आज काय विशेष? मी म्हटलं, तुमचा माणूस गेला.

म्हणून माझा सल्ला असा की स्टारच्या मागे जाऊ नका, क्लब धरा. आणि क्लब कुठला? जिथे घरून पायी किंवा एका बसने जाता येईल तो. पावसात रविवारी सकाळी तुम्ही खरोखर उठून जाणार आहात का, यावर सगळं अवलंबून आहे. लालबागहून तुम्हाला शिवाजी पार्क जवळ. (हे लिहिताना हात थरथरतो आहे, पण खोटं कशाला बोलू.) कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे, ट्रॉफी किती, हे बघू नका. खालच्या डिव्हिजनचा क्लब असेल तर उलट बरं. तिथे सातव्या नंबरला येणारा माणूस शनिवारी रात्री बारापर्यंत दुकानात बसून आलेला असतो.

नावं कळायची रीत एकच: स्कोअररच्या टेबलाजवळ बसायचं. पण ओव्हर चालू असताना तोंड उघडायचं नाही. दोन्ही स्कोअरर ओव्हर संपली की आकडे जुळवतात, ते झालं की विचारायचं. नवा बॉलर आला की स्कोअरर मैदानात ओरडून नाव विचारतो, तेव्हा कान उघडे ठेवा, अर्धी टीम तिथेच कळते. स्वतःची एक वही ठेवा. पूर्वी सोमवारच्या पेपरात बारीक अक्षरात कांगाचे आकडे यायचे, आम्ही ते कापून वहीत चिकटवायचो. तेव्हाची गंमत अशी की रविवारी क्लबात जो हिंदू कॉलनीचा, तोच कंपन्यांच्या टाइम्स शिल्ड स्पर्धेत आपल्या कंपनीचा. गावसकर निर्लॉनचे, वाडेकर स्टेट बँकेचे. काउंटरवर चेक वटवणारा माणूस दुपारी तीन विकेट काढून यायचा. कंपन्यांनी क्रिकेटरना नोकऱ्या देणं कमी केलं, तिथेच या सगळ्याची कंबर मोडली असं मला वाटतं. नात म्हणते पुरे. पुरे.

विरार_फास्ट:

काका, आदर ठेवून बोलतो. हे सगळं ऐकायला छान आहे, पण दादर-माटुंगा-हिंदू कॉलनी ही चाळीस वर्षांपूर्वीची मुंबई झाली. आज क्रिकेट आमच्या ट्रेनने येतं. शार्दूल ठाकूर पालघरचा. पहाटे किट बॅग घेऊन लोकलमध्ये चढायचा आणि लोकांच्या शिव्या खायचा. त्याला दिनेश लाड सरांनी शाळेत असताना बोरिवलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. ज्या शाळेत लाड सरांनी रोहित शर्माला आणलं, तीच शाळा. आयुष म्हात्रे विरारचा. लहानपणी आजोबांबरोबर दक्षिण मुंबईत प्रॅक्टिसला जायचा. २०२४ च्या रणजीत महाराष्ट्राविरुद्ध १७६, तेव्हा तो सतरा वर्षांचा. प्रणव धनावडे कल्याणचा. २०१६ च्या जानेवारीत शाळेच्या मॅचमध्ये नाबाद १००९, वडील रिक्षा चालवायचे.

यांना विचारा क्लब कुठला, तर ते तीन-चार नावं सांगतील. आज क्लब म्हणजे नोंदणीचा कागद. चांगली ऑफर आली की पोरगा पुढच्या मोसमात दुसरीकडे. तो करणारच, त्याला घर चालवायचंय. त्यामुळे माझं म्हणणं: क्लब धरू नका, पोरगा धरा. चौदा-पंधरा वर्षांचा एखादा शाळांच्या हॅरिस शिल्ड स्पर्धेत बघा आणि त्याच्या मागे जा. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून ५४६ मारले तेव्हापासून मी त्याला फॉलो करतोय. त्याचं पुढे काय काय झालं तेही बघितलं, चांगलं-वाईट सगळं. क्लब तुम्हाला एवढं दाखवणार नाही.

आणि स्कोअरसाठी पेपर कशाला? बऱ्याच लोकल टूर्नामेंटचं बॉल-बाय-बॉल क्रिकहीरोज अॅपवर असतं. फोनवर बघा, गोरेगावला सीट मिळेपर्यंत एक डाव संपतो.

हिंदूकॉलनी_स्कोअरर:

विरारकर, पोरगा धरला तर त्याचं फक्त यश दिसतं किंवा फक्त अपयश. क्लब धरला तर जो रणजीला गेला तो दिसतो आणि त्याच्या बरोबरीने ओपनिंग करणारा जो राहून गेला तोही दिसतो. पंधरा वर्षांनी तोच राहून गेलेला क्लबच्या मुलांना नेट्समध्ये बॉल टाकत असतो, आणि त्याला नेमकं माहीत असतं की काय कमी पडलं. फोनवर हे कुठे दिसतं?

बाकी पालघर-विरारबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. आमच्या वेळी शिवाजी पार्कात राहणारा खेळायचा. आता तिथे घर घेणं खेळाडूच्या बापाला काय, आजोबालाही परवडणार नाही.

बोरिवली_पश्चिम:

मी मुलीची आई म्हणून लिहिते. वरच्या सगळ्या नावांत एकही बाई नाही हे कोणाच्या लक्षात आलं का? माझी मुलगी ऑफस्पिन टाकते. तिच्यामुळे मी मैदानांवर हिंडते, नाहीतर मला एलबीडब्ल्यू सुद्धा कळत नव्हतं.

भाडेकरू दादा, तुम्हाला खरंच नवं काही बघायचं असेल तर मुलींच्या मॅचेस बघा. अजून गर्दी नाही, खेळाडूंचे आईवडील आणि दोन-चार कुत्री एवढेच प्रेक्षक. स्कोअररला नाव विचारलं तर तो खूश होऊन सगळा इतिहास सांगतो. आमच्याकडे डायना एडलजींपासून सुरुवात होते, वेस्टर्न रेल्वेच्या. बोरिवलीच्या पूनम राऊतला इथे अजून लोक रस्त्यात ओळखतात. २०१७ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये लॉर्ड्सवर तिने ८६ केले. मॅच नऊ धावांनी गेली, आणि सगळ्यांना आठवतात त्या नऊ धावा. वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये एकोणीस वर्षांखालच्या मॅचमध्ये सौराष्ट्रविरुद्ध नाबाद २०२ मारले, पन्नास ओव्हरच्या सामन्यात. तेव्हा ती सतरा वर्षांची. आठ वर्षांनी नवी मुंबईत वर्ल्ड कपच्या सेमी फायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७. त्या दिवशी रडलेले लोक २०१७ मध्ये कुठे होते, असं मला राहून राहून वाटतं. वांद्र्याच्या मैदानावर तिला बघणारे पाच-पन्नास लोक होते, त्यांना काय वाटलं असेल!

मुलींना सरावाला चांगली विकेट मिळणं अजून कठीण आहे, हे पण सांगते. मुलांची मॅच संपली की उरलेल्या उजेडात. कोण देत नाही त्यांची नावं लिहीत नाही, पण मैदानावर यायला लागलात की तुम्हाला दिसेलच.

फोर्टचा_फिरस्ता:

ताईंचा मुद्दा बरोबर. आणि त्या २०२५ च्या वर्ल्ड कपला भारताच्या मुलींचा कोच आपला अमोल मुझुमदार. काका, हा तुमच्या ‘राहून गेलेल्यां’मधला सगळ्यात मोठा. १९८८ साली आझाद मैदानावर हॅरिस शिल्डची सेमी फायनल, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. पुढचा बॅट्समन अमोल, पॅड बांधून बसून राहिला. त्या दिवशी बॉलिंगला साईराज बहुतुले होता, त्याला बिचाऱ्याला कोणी विचारत नाही. पुढे अमोलने रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० मारले, कॅप्टन म्हणून २००६-०७ ची रणजी जिंकली, ११,१६७ धावा, ३० शतकं, आणि भारताची टोपी नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर वर्ल्ड कपच्या फायनलला त्याच्या टीमने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. त्या रात्री मला व्हॉट्सअॅपवर पॅड बांधलेल्या अमोलबद्दल किती मेसेज आले विचारू नका. निम्मे लोक आदल्या दिवसापर्यंत त्याला मुझुमदार म्हणजे बंगाली समजत होते.

विरारभाऊंना एवढंच सांगतो: अमोलला ‘पोरगा धरा’ पद्धतीने फॉलो केलं असतं तर १९९९ च्या सुमारास तुम्ही सोडून दिलं असतं.

विरार_फास्ट:

सोडून दिलं नसतं. पण पॉइंट घेतला.

एक उदाहरण तुमच्या बाजूचंच देतो. २०२४ ची रणजी क्वार्टर फायनल, वांद्र्याचं बीकेसी मैदान, मुंबई बडोद्याविरुद्ध. पहिल्या डावात मुशीर खानने नाबाद २०३ मारले ते सगळ्यांना आठवतं. पण दुसऱ्या डावात नऊ विकेट गेल्यावर दहाव्या नंबरचा तनुष कोटियन आणि अकराव्या नंबरचा तुषार देशपांडे उभे राहिले. दोघांची शतकं, नाबाद १२० आणि १२३, भागीदारी २३२. आमच्या ग्रुपवर लोक म्हणाले, लॉटरी लागली. मैदानावरची पोरं म्हणाली, अरे, हे दोघं लहानपणापासून बॅटिंग करतात, तुम्ही फक्त बॉलिंग बघितलीत. हे कोणाला माहीत? जे लोकल मॅच बघतात त्यांना. पुढे सेमी फायनलला शार्दूल १०९, फायनलला विदर्भ १६९ धावांनी हरला, आणि शेवटची विकेट निवृत्त होणाऱ्या धवल कुलकर्णीने काढली. ४२ वं विजेतेपद.

आणि काका, तुमच्या शिवलकरांच्या खुर्चीत आज कोण बसलंय ते बघायचं असेल तर शम्स मुलाणी बघा. डावखुरा स्पिनर, २०२१-२२ च्या रणजीत ४५ बळी, देशात सर्वाधिक.

हिंदूकॉलनी_स्कोअरर:

मुलाणी बघितला आहे. चांगला आहे. खुर्चीत नाही, बाजूच्या स्टुलावर बसवू. बसू दे, मिळेल खुर्ची.

लालबागचा_भाडेकरू:

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ऑफिसात बसून सगळं वाचलं, साहेबांना वाटलं एक्सेल चालू आहे.

तर ठरलं असं: कांगासाठी शिवाजी पार्क, कारण चालत जाता येतं. काकांनी मन मोठं करून सांगितलंय तर ऐकतो. हॅरिस शिल्डसाठी आझाद मैदान, आणि ताई, मुलींची मॅच कुठे आणि कधी असते ते जरा कळवा. तुमच्या मुलीची असेल तर आणखी छान. विरारभाऊ, अॅप टाकलंय. पण त्यावर निम्म्या टीमचे फोटोच नाहीत, आणि एका बॉलरचं नाव नुसतं ‘भाई’ आहे.

दोन शंका उरल्या. पाऊस पडला तर मॅच आहे की नाही हे घरी बसून कसं कळणार? आणि मिरजेचा माणूस शिवाजी पार्क जिमखान्याला ‘आपला’ म्हणू शकतो का, की कोणी हटकेल?

फोर्टचा_फिरस्ता:

कळत नाही. जावंच लागतं. दादर स्टेशनला उतरून पश्चिमेला बघायचं, पाणी साचलं असेल तर वडापाव खाऊन परत. आणि कोरडं दिसलं तरी अंपायर साडेदहापर्यंत विकेटवर बुटाचं टोक टेकवत फिरत असतात, तोवर कोणालाच काही माहीत नसतं.

बोरिवली_पश्चिम:

या महिन्यात तिच्या मॅचेस कांदिवलीला आहेत, तारीख ठरली की मेसेज करते. डबा आणा, तिथे जवळ काही मिळत नाही.

हिंदूकॉलनी_स्कोअरर:

कोणी हटकणार नाही. मिरजेचं काय घेऊन बसलात, त्या क्लबकडून खेळलेले अर्धे लोक कोकणातून आलेल्यांची मुलं. फक्त माटुंग्याच्या मॅचला आलात तर स्कोअररच्या डाव्या बाजूला बसा. उजवीकडे आमची माणसं असतात.